गाडी कोणाकडे लावायची?

एका तालुक्याच्या गावाबाहेर एक रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखाली टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांची रोपं काळ्या ट्रेमध्ये वाढत. खत, पाणी, औषध नवरा बघायचा. शेतकऱ्यांशी बोलणं, हिशेब ठेवणं आणि रोपं बांधावर पोचवणं बायकोकडे होतं. गावातले लहानथोर तिला ताई म्हणत.

रोपं पोचवायला तिच्याकडे एक 'छोटा हत्ती' टेम्पो होता. गाडीचं कर्ज नुकतंच फिटलं होतं आणि चौथं वर्ष चालू होतं. गाडी ती स्वतःच चालवायची. मागच्या हौद्यात एसटी स्टँडामागच्या मिस्त्रीने तिला लोखंडी पट्ट्यांचे कप्पे करून दिले होते. ट्रेवर ट्रे ठेवला तर रोपं मुरगळतात, म्हणून मिस्त्रीने मिरचीचं रोप हातात धरून कप्प्याची उंची ठरवली होती. तेव्हापासून गाडीचं लहानमोठं सगळं काम त्याच्याचकडे व्हायचं.

थंडीचे दिवस होते. उसाचा हंगाम ऐन भरात होता. एका संध्याकाळी ताई रोपं उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत होती. पुढे उसाने खच्चून भरलेली ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. ट्रॉली दिसली तेव्हा फार थोडं अंतर उरलं होतं. ताईने गाडी डावीकडे काढली. ट्रॉली चुकली, पण रस्त्याकडेच्या बाभळीने गाडीचं डावं तोंड फोडलं. ताईच्या मनगटाला मुका मार लागला. बाकी कोणाला काही झालं नाही.

रस्त्यावरच्या लोकांनी तिला पाणी दिलं. ती शांत झाली. मग तिने चारही बाजूंनी गाडीचे फोटो काढले, बाभळीचाही काढला, आणि पॉलिसीवरच्या नंबरला फोन लावला.

पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. तिने गाडीचा नंबर घेतला, कुठे, कसं, कोण चालवत होतं ते विचारलं, क्लेमचा नंबर दिला. मग म्हणाली, "मॅडम, आमचं नेटवर्क गॅरेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. टो करायला गाडी पाठवते."

"जिल्हा इथून सत्तर किलोमीटर आहे," ताई म्हणाली. "आमच्या गावात आमचा मिस्त्री आहे. त्याच्याकडे लावते."

"नाही मॅडम, नेटवर्क गॅरेजलाच लावावी लागेल."

"आणि मिस्त्रीकडे लावली तर?"

"मग क्लेम अडकू शकतो, मॅडम."

ताई वर्षानुवर्षं शेतकऱ्यांशी व्यवहार करत आली होती. रोप जगेल की नाही, असं कोणी विचारलं तर ती कधी 'जगू शकतं' म्हणायची नाही. कोणत्या दिवशी लावायचं, पाणी किती द्यायचं, मर किती धरायची ते सांगायची. म्हणून तिने सरळ विचारलं, "अडकू शकतो म्हणजे मिळणार नाही का? तसं पॉलिसीत कुठे लिहिलंय तेवढं सांगा."

मुलीने थोडा वेळ घेतला. मग म्हणाली की वरिष्ठांशी बोलून कळवते.

रात्री ओळखीच्या ट्रॅक्टरने ओढत गाडी स्टँडामागे आणली. मिस्त्रीने टॉर्च मारून बघितलं आणि तो गप्प उभा राहिला. "ताई, हात लावत नाही," तो म्हणाला. "आधी कंपनीचा माणूस बघून जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा एजंट आला. चांगला माणूस होता. दरवर्षी आठवण करून पॉलिसी भरून घ्यायचा. तो म्हणाला, "ताई, कशाला डोक्याला ताप करून घेता? कॅशलेसला लावा. बिल कंपनी परस्पर भरते. तुम्हाला खिशात हात घालायला नको."

"काहीच भरावं लागत नाही?"

एजंट खरं बोलणारा होता. "तसं नाही. घसारा कापतात. पॉलिसीत बसत नाही तेवढं तुम्हीच भरायचं. पण मोठी रक्कम आधी उभी करावी लागत नाही."

"मग कंपनी त्याच गॅरेजचा आग्रह का धरते?"

एजंटने तेही सांगितलं. नेटवर्क गॅरेजशी कंपनीचा करार असतो. मजुरीचे दर ठरलेले असतात, सुट्या भागांवर सूट मिळते, कागद एका साच्यातले येतात, खोटी बिलं कमी येतात. त्यात कंपनीचा फायदा असतो आणि पुष्कळदा गाडीवाल्याचाही. मागच्या वर्षी गावातल्या एका किराणा दुकानदाराने आपली गाडी अशीच कॅशलेसला लावली होती आणि ती छान होऊन आली होती.

ताईने ते ऐकून घेतलं. सोय आहे हे तिला पटलं. पण फोनवर तिला सोय म्हणून सांगितलं नव्हतं, लावावीच लागेल म्हणून सांगितलं होतं. तिने पत्र्याच्या पेटीतून पॉलिसी काढली. कागद इंग्रजीत होते. शेजारची मुलगी कॉलेजात जायची, तिला हाक मारली. दोघी जाळीखाली बसून एकेक अट वाचत गेल्या.

अपघात झाला की ताबडतोब कळवावं, असं लिहिलं होतं. गाडी वाऱ्यावर सोडू नये, आणखी नुकसान होऊ देऊ नये. दुरुस्तीचा तपशीलवार अंदाज कंपनीला द्यावा. दुरुस्ती गरजेची आहे आणि दर वाजवी आहेत हे तपासायला कंपनीला सगळी मदत करावी. गाडी अमुक गॅरेजलाच न्यावी, असं मात्र कुठेही नव्हतं.

एजंटने एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. कंपनी स्वतःच्या मर्जीने गाडी दुरुस्त करून देईल किंवा पैसे देईल, असं आहे. मर्जी कंपनीची आहे, ताई."

ताईने ती ओळ पोरीकडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाली, "बरोबर आहे. कंपनी गाडी ताब्यात घेऊन स्वतः दुरुस्त करून देणार असेल तर तसं लिहून कळवू दे. पण घसारा माझा, न बसणारे भाग माझे, बिलावर ग्राहक म्हणून नाव माझं, आणि गॅरेज तेवढं त्यांचं, असं कसं?"

एजंटकडे याला उत्तर नव्हतं. त्याने पॉलिसीची पानं आणखी एकदा चाळली. काही पॉलिसींमध्ये हप्त्यात सूट घेऊन नेटवर्क गॅरेजलाच जायचं कबूल केलेलं असतं. तशी सूट ताईने घेतली असती तर तिला तो शब्द पाळावा लागला असता. ती घेतलेली नव्हती.

त्याच दिवशी पोरीने मोबाइलवरून कंपनीला मेल केला. त्यात क्लेमचा नंबर होता आणि दोनच वाक्यं होती. आम्हाला गाडी आमच्या मिस्त्रीकडे दुरुस्त करून घ्यायची आहे. पॉलिसीच्या कोणत्या अटीप्रमाणे ते चालत नाही, ते लेखी कळवावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. ग्राहक आपल्या पसंतीच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती करून घेऊ शकतो. अशा वेळी कॅशलेस सुविधा मिळणार नाही. सर्व्हेअरने गाडी पाहिल्यानंतर, मूळ बिलं आणि पावत्या सादर केल्यावर, पॉलिसीच्या अटींप्रमाणे रक्कम खात्यात जमा केली जाईल.

फोनवर जे सक्तीचं होतं, ते कागदावर तसं उरलं नाही.

ताई उत्तर घेऊन स्टँडामागे गेली. तिला वाटलं होतं मिस्त्री खूश होईल. पण त्याचा चेहरा पडला. "ताई, तुम्ही जिल्ह्यालाच न्या," तो म्हणाला. "मला कागदाचं काम जमायचं नाही. माझ्याकडे बिलबुक नाही, जीएसटी नंबर नाही. तुमचा क्लेम माझ्यापायी बुडायचा."

हे खरंच होतं. इतकी वर्षं तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडायचा, बेरीज दाखवायचा आणि पैसे घेऊन पुठ्ठा शेगडीत टाकायचा. त्याच्या हाताला चव होती, पण त्याच्या कामाचा एकही कागद कुठे नव्हता.

ताई बाजारपेठेतल्या कर सल्लागाराकडे गेली. रोपवाटिकेचे कागद तोच बघायचा. त्याने सांगितलं की सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, आणि मिस्त्री त्या आकड्याच्या जवळपासही नसणार. त्याने साधं छापील बिल द्यावं. नाव, पत्ता, तारीख, गाडीचा नंबर, कामाचा तपशील, सही. सुटे भाग मात्र अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावेत.

मग एका दुपारी दोघं गाडीपाशी बसले. ताई रोपांच्या हिशेबाची वही घेऊन आली होती. मिस्त्री गाडीभोवती फिरत सांगत गेला, ताई लिहीत गेली. समोरची काच, एक. समोरचा पत्रा, नवा. डावा पिलर, सरळ करायचा. डावा दरवाजा, ठोकून नीट होईल, नवा नको. हेडलाइट, डावा. बंपर. मडगार्ड. रंग, फक्त डावी बाजू. प्रत्येक ओळीपुढे भागाची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी. एरवी मिस्त्री 'सगळं मिळून इतके' असं सांगायचा. आज त्याला प्रत्येक कामाचे तास आठवावे लागले. दरवाज्याच्या मजुरीपाशी तो बराच वेळ अडला. आपल्या हातोडीच्या कामाचा दर त्याने कधी सुटा मोजलाच नव्हता.

दरवाज्याच्या खालच्या कडेला एक जुना डेंट होता. मागच्या पावसाळ्यात बाजार समितीच्या फाटकाला गाडी घासली होती. बाजूला चहा पीत उभा असलेला एक जण म्हणाला, "तोही घाला त्यात. कोणाला कळतंय?" मिस्त्रीने खिशातून खडू काढला, त्या डेंटभोवती गोल केला आणि आत लिहिलं, 'जुना'.

मग तो गाडीखाली आडवा झाला. बाहेर आला तेव्हा हात पुसत म्हणाला, "चॅसीला वाक आलाय असं वाटतं. थोडाच असेल, पण तो माझ्या डोळ्याने मोजायचा नाही. त्याला मशीन लागतं. त्यात चूक झाली तर गाडी चालता चालता एका अंगाला ओढेल. तेवढं काम गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपला करून घ्या. बाकीचं मी करतो."

ताईने तेही वहीत लिहिलं. आपल्या मिस्त्रीवर तिचा विश्वास त्या दिवशी आणखी पक्का झाला.

सर्व्हेअर यायला चार दिवस लागले. तोवर रोपं थांबणारी नव्हती. ताईने दुसरा टेम्पो भाड्याने घेतला. त्यात कप्पे नव्हते. दोन खेपांमध्ये बरीच रोपं मोडली आणि ती तिने शेतकऱ्यांना बदलून दिली. आपल्या मर्जीचा मिस्त्री धरायचा तर असलीही किंमत पडते, हे तिला तेव्हा कळलं. तिने कुरकुर केली नाही, वहीत खर्च तेवढा मांडला.

सर्व्हेअर आला. विमा नियामकाचा परवाना असलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने आरसी, फिटनेस, लायसन्स बघितलं, चॅसी नंबरवरून बोट फिरवलं, मोबाइलवर फोटो काढत गाडीभोवती फिरला. खडूच्या गोलापाशी तो थांबला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, साहेब," मिस्त्री म्हणाला. "ते या अपघातातलं नाही."

सर्व्हेअरने त्याचाही फोटो काढला. मग ताईच्या वहीतून उतरवलेलं एस्टिमेट हातात घेतलं आणि ओळीओळीने बघितलं. चॅसीच्या ओळीपाशी त्याने मिस्त्रीकडे एकदा पाहिलं. दरवाज्याच्या मजुरीचे त्याने आठशे रुपये कमी केले आणि का कमी केले ते सांगितलं. मिस्त्रीला ते पटलं. "काम सुरू करा," सर्व्हेअर म्हणाला. "उघडल्यावर आत आणखी काही निघालं तर बसवण्याआधी मला फोटो पाठवा. काढलेले भाग फेकू नका. काम झालं की मी पुन्हा बघायला येईन."

चॅसीसाठी गाडी वर्कशॉपला गेली. तिथल्या सल्लागाराने सगळ्या गाडीचं एस्टिमेट काढून दिलं. ते अडुसष्ट हजारांचं होतं. त्यात दरवाजा नवा होता, कारण तिथे दरवाजे ठोकत नाहीत, बदलतात. त्यांची काम करायची रीत तशी होती आणि तीही चुकीची नव्हती. पण ताईने हिशेब केला. चौथ्या वर्षात चाललेल्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर पॉलिसीप्रमाणे शेकडा पंचवीस घसारा कापतात. नवे भाग जितके जास्त, तितका घसाऱ्याचा तिचा वाटा मोठा. ठोकण्याच्या मजुरीवर घसारा नसतो. तिने चॅसी तेवढी सरळ करून घेतली, अडीच हजार भरून पावती घेतली आणि गाडी मिस्त्रीकडे आणली.

आता पैशांचा प्रश्न आला. एकूण बिल चाळीस हजारांवर जाणार होतं आणि ते आधी तिलाच भरायचं होतं. हंगामात तिचे पैसे शेतकऱ्यांकडे उधारीत अडकलेले असत. एजंट म्हणाला होता ते इथे खरं ठरलं. जिल्ह्याला नेली असती तर एवढी रक्कम एकदम उभी करावी लागली नसती. एक रात्र तिला वाटलंही की आपण उगाच हट्ट धरला.

सकाळी ती बचत गटाच्या बैठकीला गेली. पॉलिसी, कंपनीचा मेल आणि वही तिने सगळ्यांपुढे ठेवली. काही भाग पॉलिसीत बसणार नाहीत, हे एजंटने सांगितलं होतं, तेही तिने लपवलं नाही. बायकांनी प्रश्न विचारले. मग गटाने तिला तीस हजार दिले.

मिस्त्रीने काम केलं. काढलेला प्रत्येक भाग त्याने गोणीत भरून ठेवला. आयुष्यातलं पहिलं बिलबुक त्याने तहसील कचेरीसमोरच्या छापखान्यातून छापून आणलं. पहिलं बिल लिहिताना त्याचा हात कापत होता. ताईने त्याला घाई केली नाही.

सर्व्हेअरने पुन्हा येऊन गाडी बघितली, गोणी बघितली, बिलं ताडून घेतली. मग त्याने हिशेब मांडला. पत्र्याचे भाग चौदा हजारांचे, पंचवीस टक्के घसारा जाऊन साडेदहा हजार. काच चार हजारांची, काचेला घसारा नाही. चॅसीचे अडीच हजार. मजुरीचे आठ हजार दोनशे. बंपर, हेडलाइट, मडगार्ड आणि रंग यांचे साडेअकरा हजार त्याने पूर्ण कापले. सक्तीची कपात पाचशे, भंगाराचे चारशे. हातात येणार होते चोवीस हजार तीनशे.

मागे चहा पीत उभा असलेला तो माणूस पुन्हा तिथेच होता. "बघा," तो म्हणाला, "बाहेर केलं म्हणून कापलं."

सर्व्हेअर निघाला होता, तो वळला. "नाही. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग आपोआप येत नाहीत. जादा हप्ता भरून 'आयएमटी तेवीस' घ्यावं लागतं. बाईंनी ते घेतलेलं नाही. जिल्ह्याच्या गॅरेजला नेली असती तरी मी हे असंच कापलं असतं." मग तो ताईला म्हणाला, "पुढच्या वर्षी ते घ्या. आणि मागचे कप्पे पॉलिसीत नोंदवून घ्या. या खेपेला त्यांना काही झालं नाही. झालं असतं तर नोंदीशिवाय त्याचे पैसे मिळाले नसते."

ताईने दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. काही आठवड्यांनी पैसे खात्यात आले आणि वरचे स्वतःचे घालून तिने गटाचे परत केले.

गोष्ट घडली ती एवढीच. तीत कोणी वाईट माणूस नाही. फोनवरच्या मुलीला तसं बोलायला शिकवलेलं होतं, एजंटला गिऱ्हाइकाचा त्रास वाचवायचा होता, कंपनीला आपले ठरलेले दर हवे होते. तरीही ताई पहिल्याच फोनला 'बरं' म्हणाली असती, तर तिचा हक्क कोणी हिरावून न घेताच गेला असता. अशा प्रकारे तो रोज कितीतरी जणांचा जातो. आपल्या देशात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. माहिती मिळण्याचा आणि स्पर्धात्मक दरात निवड करता येण्याचा हक्क त्यात ग्राहकाला दिलेला आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्र्यांपर्यंत पोचू देत नव्हत्या. विमा कंपनीने दाद दिली नाही तर मुंबईत आणि पुण्यात विमा लोकपाल बसतो आणि तिथे तक्रारीला फी नाही. पण या कशाचाही उपयोग ताईने 'लिहून द्या' म्हटल्यावरच सुरू झाला. आणि मिस्त्रीने खडूने गोल केला नसता, बिल लिहायला तो तयार झाला नसता, तर तेही पुरं पडलं नसतं. निवडीचा हक्क गाडीवाल्याचा आणि ती निवड खरी ठरवायची जबाबदारी मिस्त्रीची, असं ते दोघांचं मिळून काम होतं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते पैसे आधी भरण्याचं. ज्याच्या हाताशी चाळीस हजार आहेत त्यालाच मिस्त्री निवडता येतो. ज्याच्याकडे नाहीत तो मुकाट्याने टो करायला आलेल्या गाडीमागे जातो, आणि त्याने आपल्या खुशीने गॅरेज निवडलं अशी नोंद होते. हा हक्क सगळ्यांचा व्हायचा असेल तर सर्व्हेअरने मान्य केलेली रक्कम कंपनीने गावातल्या मिस्त्रीलाही परस्पर द्यायला हवी. ज्याचं बिल स्वच्छ आहे, त्याच्या बाबतीत यात अवघड काही नाही. ते होईपर्यंत ज्याला त्याला आपला गट शोधावा लागणार.

त्या गावातल्या गटाने ते मनावर घेतलं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत एका बाईने विचारलं की तिच्या मुलाच्या रिक्षाला धक्का लागलाय, तर त्यालाही अशी रक्कम मिळेल का. चर्चा झाली आणि ठराव लिहिला गेला. सर्व्हेअरने गाडी बघून काम मान्य केलं असेल आणि मिस्त्रीचं एस्टिमेट लेखी असेल, तर दुरुस्तीसाठी सभासदाला तीन महिन्यांसाठी उचल द्यावी. क्लेमचे पैसे आल्याबरोबर ती परत घ्यावी. ताईने ठरावाखाली सही केली आणि त्या बाईला विचारलं, "मुलाने कंपनीला फोन केलाय ना? आणि गाडीला अजून कोणी हात लावलेला नाही ना?"

"फोन केलाय," बाई म्हणाली. "ते म्हणतात, आमच्याच गॅरेजला आणा."

"मग उद्या सकाळी पॉलिसी घेऊन ये," ताई म्हणाली. "आधी ती वाचू. मग कुठे लावायची ते तुम्ही ठरवा."